मेंदूची गाठ झालेल्या मुलांसाठी छोटा ट्रस्ट काढायचा असेल तर

मुलाच्या एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली की नातेवाईक, सोसायटीतली मंडळी, ऑफिसातले सहकारी धावून येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरतो, दोन-चार दिवसांत बऱ्यापैकी रक्कम जमते. कधी मूल बरं होतं, कधी होत नाही. काही महिन्यांनी त्याच मंडळींपैकी कुणीतरी म्हणतं, ‘आपण एखादा ट्रस्ट काढू या, अशा मुलांना मदत करू, संशोधनालाही पैसे देऊ.’ हा लेख त्या ‘कुणीतरी’साठी आहे. सगळे संदर्भ महाराष्ट्रातले आहेत, कारण नोंदणीचा कायदा राज्याचा आहे आणि या आजाराची पायवाट आपल्याकडे बहुतेक वेळा मुंबईकडे जाते.

आधीच एक स्पष्ट सांगतो. छोट्या ट्रस्टने ऑपरेशनचं बिल भरायच्या मागे लागू नये. दोन-तीन बिलांत वर्षाची जमा संपते, आणि ज्या ठिकाणी तुमच्याशिवाय कुणी नसतं ती जागा रिकामीच राहते.

आधी आजाराचं वेळापत्रक समजून घ्या

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या कॅन्सरनंतर मेंदूच्या गाठींचाच क्रमांक लागतो. पण ‘मेंदूची गाठ’ हा एक आजार नव्हे. लो-ग्रेड ग्लायोमा सावकाश वाढतो आणि बरीच मुलं त्यासह मोठी होतात. मेड्युलोब्लास्टोमा वेगाने पसरतो, पण पूर्ण उपचार मिळाले तर बरा होण्याची चांगली शक्यता असते. मेंदूच्या देठात पसरणारी डीआयपीजी ही गाठ निघाली तर बहुतेक मुलं वर्ष-दीड वर्षही काढत नाहीत. या तीन घरांच्या गरजा सारख्या नसतात, म्हणून मदतीचा एकच साचा चालत नाही.

मेड्युलोब्लास्टोमाचं उदाहरण घेऊ. गाठ लहान मेंदूपाशी असते. तिथे पाणी अडून डोक्यातला दाब वाढतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या उलट्या, डोकेदुखी, चालताना तोल जाणं अशी लक्षणं दिसतात. ऑपरेशन होतं, काहींना पाणी पोटाकडे वळवणारी शंटची नळी बसवतात. काही मुलं ऑपरेशननंतर काही दिवस, कधी काही आठवडे बोलतच नाहीत. हे डॉक्टरांना ठाऊक असतं, पण आईवडिलांना आधी कुणी नीट सांगितलेलं नसेल तर ते हादरून जातात. मग डोकं आणि मणक्याला किरणोपचार : आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे. त्यानंतर कित्येक महिने केमोथेरपी. एकूण हिशोब वर्षभराचा.

किरणोपचारांतला एक दिवस बघा. मुलाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लास्टिकचा मास्क केलेला असतो, तो टेबलाला घट्ट बसवतात, कारण मूल तसूभरही हलता कामा नये. चार-पाच वर्षांचं मूल असं पडून राहत नाही, म्हणून भूल द्यावी लागते, आणि भुलीसाठी पोट रिकामं लागतं. नंबर येईपर्यंत ते उपाशीपोटी रडत असतं. आईच्या पर्समध्ये बिस्किटाचा पुडा तयार असतो, पण मूल शुद्धीवर येऊन सिस्टरने हो म्हणेपर्यंत तो उघडता येत नाही. हे रोज. सोबत आलेल्या बापाची रोजंदारी बुडालेली असते, गावाकडे दुसरं मूल आजीकडे असतं. उपचार अर्धवट सुटतात ते इथे. ऑपरेशन थिएटरच्या दारात क्वचितच कुणी माघारी फिरतं.

जागा निवडा

मोठ्या खर्चासाठी बऱ्यापैकी सोयी आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्यासाठी योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटायचं. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी हेही मार्ग आहेत. टाटा मेमोरियलमध्ये बालरुग्णांच्या मदतीसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन ही स्वतंत्र व्यवस्था आहे, समाजसेवा विभागही आहे. कॅनकिड्ससारखी देशभर काम करणारी संस्थाही आहे.

म्हणून पहिली जागा, आणि तुमचं पहिलं काम, म्हणजे आईवडिलांना या सोयींपर्यंत वेळेत पोचवणं. याला पैसा जवळजवळ लागत नाही, पण माणूस लागतो. रेशन कार्डावर धाकट्या मुलाचं नाव चढवलेलंच नाही, आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे, असल्या कारणांनी फाइल अडते. तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयात जाऊन दाखला आणणारा एक ओळखीचा कार्यकर्ता तुमच्याकडे असेल, तर तुम्ही लाखाच्या देणगीपेक्षा मोठं काम करताय.

दुसरी जागा राहण्याची. परळच्या आसपास दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, आणि मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही ठिकाणं वर्षानुवर्षं उभी आहेत. स्वतःची इमारत बांधायचं डोक्यात आणू नका. तिथे जागा मिळेपर्यंतच्या दिवसांचं भाडं द्या. केमो चालू असलेल्या मुलाला स्वच्छ शौचालय आणि स्वयंपाकाची सोय हवी. फुटपाथवर काढलेल्या आठवड्यात ताप आला, तर केमोची फेरी पुढे जाते.

तिसरी जागा प्रवासाची. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एकाला 75 टक्के. ठरावीक नमुन्यातलं रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. हे कित्येकांना उपचार संपत आल्यावर कळतं.

चौथी जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि देणगीदारांना ती सगळ्यांत कमी भावते : उपचारांनंतरची वर्षं. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधामुळे ऐकू कमी येऊ शकतं. डोक्याला किरण दिल्याने वाढीचे हार्मोन कमी पडतात, अभ्यासाचा वेग मंदावतो. क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाच्या गाठीच्या ऑपरेशननंतर अनेक मुलांना डेस्मोप्रेसिन आणि इतर हार्मोनची औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. श्रवणयंत्र, फिजिओथेरपी, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी कार्ड, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळवण्यासाठी शाळेशी पत्रव्यवहार. यातलं काहीच फोटोत छान दिसत नाही. पण ‘मूल वाचलं’ म्हणून सगळे निघून गेल्यावर त्या घरी टिकून राहणारा कुणी नसतो.

या चारांतल्या दोनच घ्या. चारही घेतल्या तर एकही धड होणार नाही.

नोंदणी

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवतात. सोसायटी करायची तर 1860 च्या कायद्याखाली किमान सात सभासद हवेत आणि ती न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. पाच-सहा माणसांच्या कामाला साधा ट्रस्ट पुरे. सेक्शन 8 कंपनीचा (म्हणजे ना-नफा कंपनीचा) घाट शक्यतो नको, तिची वार्षिक कागदपत्रं छोट्या गटाला झेपत नाहीत.

न्यासपत्र लिहिताना तीन गोष्टी बघा. एक, उद्देशांमध्ये मुलांना मदत, जनजागृती आणि वैद्यकीय संशोधनाला अर्थसाहाय्य हे तिन्ही स्पष्ट शब्दांत लिहा. संशोधन नंतर सुचलं आणि उद्देशांत नसेल, तर हिशेब तपासणीत हरकत निघते. दोन, ट्रस्ट एका मुलाच्या स्मरणार्थ असू शकतो, पण एका मुलासाठी असू शकत नाही. आणि विश्वस्तांच्या स्वतःच्या मुलाच्या किंवा नातेवाइकाच्या उपचारांवर ट्रस्टचा पैसा गेला तर आयकराची सूट धोक्यात येते. ज्यांच्या घरात आजार आहे तेच बहुधा ट्रस्ट काढतात, म्हणून हे पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगा. तीन, विश्वस्तांत निदान एक जण हिशेबात पक्का आणि एक जण ‘नाही’ म्हणू शकणारा असावा.

नोंदणीनंतर पॅन, बँक खातं आणि आयकराची दोन प्रमाणपत्रं : ज्यांना सगळे अजून 12ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला सूट) आणि 80जी (देणगीदाराला सवलत) म्हणतात ती. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले आहेत. जुन्या यादीवर विसंबू नका, सीएकडून नवे आकडे लिहून घ्या. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज, आणि दरवर्षी लेखापरीक्षण अहवाल. हे राहून गेलं की दहा वर्षांनी कुणाला तरी निस्तरावं लागतं.

नोंदणी व्हायच्या आत वर्गणी काढायची असेल, तर गणेशोत्सव मंडळं घेतात तीच, 1950 च्या त्याच कायद्यातली, कलम 41क ची परवानगी बघा.

पैसा

दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. देणगीदाराला हे आधी सांगा, नंतर तो रुसतो. देणाऱ्याचं नाव आणि पॅन लिहून घ्या. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेच्या वर गेल्या की त्यावर वेगळा कर बसतो.

परदेशातल्या आपल्या माणसांबद्दल मोठा गैरसमज आहे. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या काकांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याच काकांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलं असेल, तर ठरते, आणि एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगी कायद्याची, परवानगी नसताना ती घेणं हा गुन्हा आहे. म्हणून बाहेरून पैसे येण्याआधी पासपोर्टची प्रत मागायची. विचारायला अवघड वाटतं, पण विचारायचं. एफसीआरए नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, त्यामुळे सुरुवातीला तो विषय बाजूलाच ठेवा. कंपन्यांच्या सीएसआरचंही (सामाजिक जबाबदारीच्या निधीचंही) तेच, तीन वर्षांचा इतिहास लागतो.

आता खर्चाचा हिशोब. समजा एका मुलामागे महिना 8 हजार रुपये दहा महिने आणि अडीनडीला 20 हजार असं धरलं, तर मुलामागे 1 लाख झाले. वर्षाची जमा 6 लाख असेल तर पाच मुलं घ्या, सहा नव्हे. उरलेला लाख राखीव. मूल स्वीकारलं त्या दिवशी त्याचे पूर्ण पैसे बाजूला काढायचे. चौथ्या महिन्यात ‘निधी संपला’ असं सांगणं हे मदत न करण्यापेक्षा वाईट, कारण तोवर त्या कुटुंबाने दुसरीकडे अर्ज करणं थांबवलेलं असतं.

मूल स्वीकारताना

अर्ज रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून यावा, नगरसेवकाच्या चिठ्ठीवर नाही. अर्जासोबत बायोप्सीचा अहवाल, उपचारांची आखणी आणि आधीच कुठून कुठून मदत मंजूर आहे ते मागा. दोन विश्वस्तांनी चार दिवसांत निर्णय द्यावा. लॉज, मेडिकल दुकान, लॅब यांना थेट पैसे द्या, पण भाजी, रिक्षा, मोबाइलचं रिचार्ज यासाठी आईच्या खात्यात थोडी रक्कम बिलांशिवाय जमा करा. मुलाला घेऊन रोज रुग्णालयात खेटे घालणाऱ्या बाईकडून केळ्यांची पावती मागू नये.

एक फोन करणारा माणूस नेमा, आठवड्यातून एकदा. त्याने सल्ला द्यायचा नाही, विचारायचं : पुढची तारीख कधी, गोळ्या संपत आल्यात का, ताप आहे का. मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन चालू असेल तर मूल सुजतं, सारखं खातं, चिडचिडं होतं. घरचे घाबरून गोळी बंद करतात, आणि ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं. शंट असलेल्या मुलाला पुन्हा उलट्या आणि गुंगी आली तर नळी अडल्याची शंका घेऊन थेट रुग्णालय गाठायचं, गावच्या डॉक्टरकडे पित्ताचं औषध घेत बसायचं नाही. शंटची माहिती आणि रुग्णालयाचा नंबर लिहिलेलं एक कार्ड लॅमिनेट करून मुलाच्या दप्तरात ठेवा.

‘ऑपरेशनशिवाय गाठ विरघळवतो’ म्हणणारे भेटतातच. कॅन्सर आणि गाठी बरं करण्याच्या औषधांच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, एवढं सांगितलं तरी काही बाप थबकतात. भांडू नका. भांडलात तर ते तुम्हाला पुढचं काही सांगणार नाहीत.

फोटोंबद्दल माझं मत कडक आहे. टक्कल पडलेल्या, डोक्यावर टाके असलेल्या मुलाचा फोटो टाकला की देणग्या वाढतात, हे खरं आहे. टाकू नका. ते मूल उद्या कॉलेजात जाईल आणि त्याचं नाव शोधल्यावर तोच फोटो वर येईल. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते, पण मदत घेणाऱ्या आईची संमती कितपत मोकळी असते, हे आपण जाणतोच.

जी मुलं बरी होणार नाहीत त्यांनाही घ्या. डीआयपीजीच्या घराला मोठी रक्कम नकोच असते. घरी ऑक्सिजन किंवा गादीची सोय, वेदनाशमन विभागाशी जोडून देणं, गावी परत जायला गाडी, एवढंच असतं. आणि नंतरही दोन-तीन वेळा फोन. ‘निकाल’ विचारणारे देणगीदार इथे कचरतात, म्हणून या मुलांचा वाटा अंदाजपत्रकात आधीच वेगळा लिहा.

संशोधनाला पैसा कसा द्यायचा

प्रयोगशाळा उभारणं तुमच्या आवाक्यातलं नाही, आणि ‘मेंदूच्या कॅन्सरवर औषध शोधायला’ म्हणून दिलेले 50 हजार कुठल्यातरी शीर्षाखाली विरून जातात. छोटा पैसा नेमक्या भोकात घालायचा.

आपल्याकडचं एक उदाहरण बोलकं आहे. मेड्युलोब्लास्टोमाचे आज चार मुख्य गट मानतात : डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट 3 आणि गट 4. पहिल्या गटातली मुलं फार चांगली बरी होतात, तिसऱ्यातली अवघड. म्हणजे गट कळला तर एका मुलाला कमी मारा पुरेल आणि दुसऱ्याला जास्त लागेल. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटाने 2013 मध्ये अशी चाचणी मांडली की जी मेणाच्या ठोकळ्यांत साठवलेल्या जुन्या नमुन्यांवरही चालते, रीअल-टाइम पीसीआर या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तंत्रावर. महागड्या यंत्रांशिवाय गट ओळखता यावा, ही आपल्या रुग्णालयांची खरी गरज. पण ठोकळे जपलेले नसतील, आणि ते मूल पुढे जगलं की नाही ही नोंद नसेल, तर असलं काम उभंच राहत नाही.

मग छोट्या ट्रस्टने काय द्यावं? डेटा एंट्री करणाऱ्याचा वर्षाचा पगार. उपचार संपवून गेलेल्या मुलांना फोन करून पाठपुरावा करणाऱ्या नर्सचा पगार. तपासणीला परत येणाऱ्या मुलांचं भाडं, म्हणजे अभ्यासातून मुलं गळत नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांच्या जनुकीय चाचण्या. बुद्धिमत्ता आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या मराठीतून घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचं मानधन. एखाद्या तरुण डॉक्टरचा इंडियन सोसायटी ऑफ न्यूरो-ऑन्कोलॉजीच्या परिषदेचा प्रवास. यातलं प्रत्येक काम छोट्या ट्रस्टला पेलणारं आहे.

पद्धत अशी ठेवा. दोन पानी प्रस्ताव मागवा : प्रश्न काय, किती मुलं, किती महिने, पैसा कशावर. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णांवरची चाचणी असेल तर सीटीआरआय (देशातल्या अशा चाचण्यांची नोंदवही) नोंदणी तपासा. प्रस्ताव दुसऱ्या शहरातल्या दोन डॉक्टरांना वाचायला द्या, त्याच विभागातल्यांना नाही. करारात लिहा की पैसा संस्थेच्या खात्यात जाईल, डॉक्टरांच्या वैयक्तिक खात्यात नाही. तीन हप्ते करा, शेवटचा हप्ता अहवाल आल्यावर. एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या रकमेपैकी 85 टक्केच ‘खर्च’ म्हणून धरायची तरतूद 2023 च्या वित्त कायद्याने आणली. त्यामुळे दुसऱ्या ट्रस्टला अनुदान देण्याआधी त्याचा तुमच्या हिशेबावर काय परिणाम होईल ते सीएला विचारा.

अपेक्षेप्रमाणे न आलेला निकालही तुमच्या पैशाचंच फळ समजा. टाटा मेमोरियलमध्ये डब्ल्यूएनटी गटाच्या मुलांना पूर्ण मणक्याला किरण न देता चालेल का, हे पाहणारी एक चाचणी झाली. किरण न दिलेल्या भागात आजार उलटू लागला तेव्हा ती थांबवली, आणि पुढच्या टप्प्यात कमी डोसचा मार्ग धरला. कुठे थांबायचं हे कळलं, हे पुढच्या मुलांच्या कामाचंच आहे. म्हणून वर्षअखेरीस ‘काय यश मिळालं?’ असं विचारू नका, ‘काय कळलं?’ विचारा.

लवकर निदान : स्वस्त आणि परिणामकारक

ब्रिटनमध्ये 2011 साली हेडस्मार्ट ही मोहीम सुरू झाली. मागे ब्रेन ट्यूमर चॅरिटी, नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना होती. खिशात मावणारं लक्षणांचं कार्ड हे त्यांचं मुख्य साधन. पूर्वी तिथे लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या मुलांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) साडेचौदा आठवड्यांच्या आसपास होता, तो पुढे सातच्या आत आला.

आपल्या तालुक्यात हे करता येतं. ए-सहा आकाराचं मराठी कार्ड, त्यावर मोजकी लक्षणं : वारंवार, विशेषतः सकाळी होणाऱ्या उलट्या, टिकून राहिलेली डोकेदुखी, तोल जाणं, डोळा तिरळा होणं किंवा नजर कमी होणं, मान एका बाजूला कलती राहणं, झटका येणं, वागण्यात एकदम फरक. बाळाच्या बाबतीत डोक्याचा घेर झपाट्याने वाढणं. किशोरवयात वयात येणं लांबणं. मजकूर बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. आशाताई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणाऱ्या टीम, पीटीचे सर आणि चष्म्याची दुकानं यांच्यापर्यंत कार्ड पोचवा. चष्मेवाला हा आपण विसरतो, पण दोन-दोनदा नंबर बदलूनही दिसत नाही म्हणून मूल त्याच्याकडेच आलेलं असतं. खाली एवढंच लिहा की दोन लक्षणं एकत्र आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि झटका किंवा गुंगी असेल तर त्याच दिवशी. घाबरवणारा मजकूर नको. डोकं दुखणाऱ्या प्रत्येक मुलाला एमआरआयच्या रांगेत उभं करायचं नाहीये.

थांबायची वेळ आली तर

छोटे ट्रस्ट बहुधा पैशाअभावी बंद पडत नाहीत, माणसं दमतात. फोन करणारा थकतो, खजिनदाराची बदली होते. म्हणून न्यासपत्रातच लिहून ठेवा की विसर्जन झालं तर शिल्लक समान उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेला जाईल. नवं मूल घेणं आधी थांबवा, चालू असलेल्या मुलांचे बाजूला काढलेले पैसे शेवटच्या केमोपर्यंत पुरवा, पाठपुराव्याची यादी पालकांची लेखी संमती घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे द्या, आणि मगच धर्मादाय कार्यालयात अर्ज करा.